दोन विती चार बोटं

फार जुनी गोष्ट आहे, मंडळी. इतकी जुनी की त्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही, आणि त्याच्या राजवाड्याच्या जागी नुसत्या बाभळी माजल्यात. नदी मात्र तीच आहे. ती तेव्हाही चार-पाच वर्षांतून एकदा पात्र सोडायची आणि काठावरच्या गावांत शिरायची.

राजा भला होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला त्याचा राग येणार आहे. पूर आला की तो आपली कोठारं उघडायचा, धान्याच्या गाड्या जुंपायचा आणि म्हणायचा, "जिथं पाणी पोचलं, तिथं धान्य पोचलंच पाहिजे."

पण फुकटचं म्हटलं की बुडालेलाही हात पसरतो आणि कोरडाही. पहिल्याच पुरात काय झालं? डोंगरावरच्या गावांतली माणसं, ज्यांच्या पायाचं बोटसुद्धा भिजलं नव्हतं, ती धोतरं ओली करून रडत वाटेवर आली. गाड्या तिथंच रिकाम्या झाल्या. काठावरचे बिचारे वाट बघत बसले.

राजाला फार वाईट वाटलं. त्यानं आपल्या कारभाऱ्याला बोलावलं. हा कारभारी असा सरळ माणूस, की दुसऱ्याच्या झाडाखाली पडलेली चिंचसुद्धा त्यानं कधी उचलली नव्हती.

राजा म्हणाला, "असं काहीतरी काढ, की खऱ्याला मिळेल आणि खोट्याला मिळणार नाही."

कारभाऱ्यानं दोन दिवस डोकं खाजवलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, "महाराज, पूर ओसरला की भिंतीवर गाळाची रेघ राहते. पाणी जेवढं चढलं, तेवढ्या उंचीवर. माणूस खोटं बोलेल, भिंत कशाला बोलेल? रेघ मोजायची आणि त्या मानानं धान्य द्यायचं. रेघ नाही, तर धान्य नाही."

राजाला पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं असतं. त्यानं सागवानाची एक काठी करवून घेतली, तिच्यावर विती आणि बोटं यांच्या खुणा कोरून घेतल्या आणि ती कारभाऱ्याच्या हातात दिली.

काठीनं काम चोख केलं, यात शंका नाही. पुढच्या पुरात एका बहाद्दरानं आपल्या भिंतीवर डोक्याएवढ्या उंचीवर केरसुणीनं चिखलाची रेघ ओढून ठेवली होती. कारभाऱ्यानं रेघेला बोट लावलं, वास घेतला आणि म्हणाला, "हा नदीचा गाळ नव्हे, हा तुमच्या म्हशीच्या डबक्यातला आहे." अख्खं गाव खो खो हसलं. दुसऱ्या एका गावानं आपलाच पडका गोठा पाडला आणि पुरानं नेला म्हणून छाती बडवली. तेही उघडकीला आलं. तेव्हापासून हुकमात आणखी एक गोष्ट आली: पडलेल्या भिंतीबद्दल काही ऐकायचं नाही. उभ्या भिंतीवर रेघ दिसली तरच ती खरी.

"कारभाऱ्याची काठी खोटं बोलत नाही," असं लोक म्हणू लागले. कारभाऱ्याला ते ऐकायला आवडायचं. कुणालाही आवडेल. पण तिथंच माशी शिंकली होती, आणि ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

आता नदीच्या अगदी खालच्या वळणावर चला. तिथं कुंभारांची वस्ती होती. वीसेक घरं, सगळी मातीची. इतक्या खाली कशाला राहायचं, असं तुम्ही म्हणाल. अहो, चांगली माती तिथंच होती, आणि ती माती नदीच आणून देत होती. म्हणून त्या लोकांचा नदीवर राग नव्हता. ते तिला माहेरवाशीण म्हणायचे.

पूर ओसरला की वस्तीतल्या बायका काठावर जाऊन नदीची ओटी भरायच्या. मग परत येऊन, चूल पेटवायच्या आधी, उभ्या असलेल्या प्रत्येक भिंतीवरचा गाळ धुवायच्या आणि तिच्यावर पांढऱ्या मातीचं पोतेरं फिरवायच्या. "पावलं पुसली नाहीत, तर माहेरवाशीण त्याच पावली परत येते," असं त्यांच्यात म्हणत. ही त्यांची पिढ्यान् पिढ्यांची रीत. राजाच्या गाड्या आजवर तिथपर्यंत कधी आल्याच नव्हत्या, वरच्या गावांतच संपायच्या. त्यामुळे काठीचा हुकूम या लोकांच्या कानावरही नव्हता.

त्या वस्तीत ठकूबाई नावाची कुंभारीण राहायची. तोंडानं फटकळ, पण मनानं चांगली. तिनं थापलेला रांजण तीन पिढ्या पाझरत नाही, अशी ख्याती होती. घरात मुलगा आणि सून. त्या वर्षी सून बाळंत झाली, नातू झाला. ठकूबाईनं हरखून सगळ्या वस्तीला गूळ वाटला. आणि नातवाच्या चौथ्या दिवशी नदी आली.

भर दुपारी आली. आधी अंगणात, मग उंबऱ्यावर, आणि बघता बघता कमरेला. ठकूबाईच्या मुलानं ओल्या बाळंतिणीला पाठीवर घेतलं. ठकूबाईनं घरातला मोठा रांजण ओढला, आत गोधडी घातली, गोधडीत नातवाला ठेवलं आणि रांजण पाण्यावर सोडून दोन्ही हातांनी धरला. पाणी तिच्या गळ्याशी होतं. ती रांजण पुढं ढकलत, "घाबरू नको रं माझ्या राजा, तुझ्या आजीनं थापलाय त्यो," असं म्हणत म्हणत आव्याच्या टेकाडापर्यंत पोचली. वस्तीनं मडकी भाजायचा आवा उंचावर ठेवला होता, म्हणून माणसं वाचली.

टेकाडावरून त्यांनी आपली घरं जाताना पाहिली. पाणी आढ्यावरून वाहत होतं. मातीचं घर पाण्यात कसं जातं माहीत आहे? पडत नाही ते. विरघळतं.

तीन दिवसांनी पाणी ओसरलं. वीस घरांपैकी चार घरांच्या भिंती तेवढ्या उभ्या होत्या. शेळ्या गेल्या, धान्याच्या कणग्या गेल्या, चाकं गेली. तरीही बायकांनी रीत सोडली नाही. खण नव्हता, नारळ नव्हता. पदराचा तुकडा आणि ओंजळभर माती, एवढ्यावर नदीची ओटी भरली. ठकूबाईच्या घराचा तर नुसता दगडी उंबरा उरला होता. तिनं शेजारच्या कोंडाजीच्या भिंती धुतल्या आणि त्यांच्यावर पोतेरं फिरवलं.

त्यानंतर दोन दिवसांनी धान्याच्या गाड्या वस्तीत आल्या.

यंदा कारभाऱ्यानंच हट्ट धरला होता की शेवटच्या गावापर्यंत जायचंच. वरच्या बाजारगावात त्यानं दगडी वाड्यांवरची गुडघाभर रेघ मोजली, धान्य दिलं आणि उरलेल्या भरल्या गाड्या घेऊन तो कुंभारांच्या वस्तीत आला. आला आणि थबकला. एकीकडे नुसत्या चिखलाच्या राशी, आणि दुसरीकडे चार घरं, पांढरीशुभ्र, सणाला सारवल्यासारखी.

ठकूबाई पुढं झाली. कारभाऱ्यानं विचारलं, "बाई, तुमचं घर कुठलं?"

"त्याच्या उंबऱ्यावरच उभं हायसा, दादा."

कारभाऱ्यानं खाली पाहिलं आणि चटकन बाजूला झाला. "आणि भिंत?"

"नदीनं नेली."

"मग पाण्याची रेघ कशावर बघू?"

"भिंतीसंगं गेली की ती. ती का हितं अधांतरी लटकून ऱ्हाईल?"

कारभाऱ्यानं त्यांना हुकूम समजावून सांगितला. मग ठकूबाईनं त्याला रीत समजावून सांगितली. पाणी किती चढलं, घरं कशी गेली, रांजण कसा तरला, सगळं सांगितलं. कारभाऱ्यानं सगळं ऐकलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खोटं नव्हतं.

तो जरा बाजूला होऊन विचार करत उभा राहिला, तेव्हा कोंडाजी ठकूबाईच्या कानाशी लागला. "आत्या, गाळ पायाशी पडलाय. माझ्या भिंतीवर एक रेघ ओढायला कितीसा येळ? बाकीचे तिघंबी ओढतील. चार घरांचं धान्य अख्ख्या वस्तीला पुरंल. आन् उंची तर खरीच हाय की!"

"पुसलेली रेघ पुन्ना ओढली की ती खोटीच, कोंडाजी," ठकूबाई म्हणाली. "आन् ह्यो माणूस सरळ हाय. त्याचे डोळे बघितलेस? त्याला खरं सांगितलंय आपण. त्याला पटलंय."

आणि पटलं होतंच. कारभारी परत आला आणि म्हणाला, "बाई, तुमचा शब्द न् शब्द मला खरा वाटतो. पण मला वाटून धान्य देता येत नाही. हुकूम काठीचा आहे. आज तुमच्यासाठी ती वाकवली, तर उद्या खोट्यांसाठीही वाकेल. मी स्वतः जाऊन महाराजांना विचारून येतो. तीन दिवस जायला, तीन दिवस यायला."

"सा दिवस?" ठकूबाई म्हणाली. "दादा, माझ्या सुनंला पोटाला न्हाई, म्हून तिला दूध न्हाई. पोर नऊ दिसांचं हाय. तीन दिसांनी त्याचं बारसं. ह्या गाड्या भरल्यात की हो! एक पोतं उतरा. लई न्हाई मागत. एकच."

कारभाऱ्यानं मान खाली घातली. आपल्या कमरेची भाकरीची शिदोरी सोडून त्यानं ठकूबाईच्या हातात दिली. तेवढी त्याची स्वतःची होती. मग त्यानं गाड्या एक कोसावर बाजारगावात पहाऱ्यात उभ्या केल्या आणि राजधानीची वाट धरली. तो धावतच गेला, हेही सांगायला हवं.

मंडळी, तो माणूस दुष्ट असता तर ही गोष्ट सोपी होती. मी दोन शिव्या दिल्या असत्या आणि मोकळा झालो असतो.

शिदोरी एक दिवस पुरली. दुसऱ्या दिवशी ठकूबाईचा मुलगा बाजारगावात गेला. तिथले लोक म्हणाले, "अरे, तुमच्याकडं गाड्या जाताना आम्ही डोळ्यांनी पाहिल्या. अजून किती हवंय तुम्हाला?" तो पहारेकऱ्यापाशी गेला. पहारेकरी म्हणाला, "हुकूम येऊ दे." भरलेल्या पोत्यांना हात लावून तो रिकाम्या हातानं परत आला.

ठकूबाईनं रानातला पाला उकडून सुनेला घातला. तेवढ्यानं का दूध येतं! पोर आधी रडायचं. मग रडायचं थांबलं, तेव्हा ठकूबाईला जास्त भीती वाटली. बाळाच्या बाराव्या दिवशी सकाळी तिनं पाळणा म्हणून चिंचेच्या फांदीला झोळी बांधली, कारण आढं नव्हतं. आपल्या लुगड्याच्या काठाचं झबलं शिवलं होतं, ते घेऊन ती बाळाला उचलायला गेली. बाळ गार पडलं होतं.

नाव ठेवायचं राहिलंच.

त्याच दिवशी कारभारी राजधानीत पोचला. अंगावरची धूळही न झटकता राजापुढं उभा राहिला आणि त्यानं सगळी हकिगत सांगितली.

राजानं विचारलं, "ते लोक खरं बोलत होते, असं तुला वाटलं?"

"अक्षर न् अक्षर खरं, महाराज."

"मग धान्य दिलं का नाहीस?"

"आपला हुकूम होता, महाराज. आणि तो मीच सुचवला होता."

राजा जागचा उठला. मग एवढंच म्हणाला, "माणसाच्या डोळ्यांना दिसत होतं ते काठीला दिसेना, आणि आपण काठीचं ऐकलं. घोडा काढा. मी येतो."

तिसऱ्या दिवशी दोघं बाजारगावात आले, पहाऱ्यातल्या गाड्या सोडवल्या आणि कुंभारांच्या वस्तीत शिरले. ठकूबाईच्या उंबऱ्यापाशी एक नवी भिंत उभी होती. कमरेएवढीच, एकटी, वर छप्पर नाही, बाजूला दुसरी भिंत नाही. माती अजून ओली होती. भिंतीवर खाली गाळाची एक रेघ ओढलेली होती. वस्तीतली माणसं भोवती उभी होती.

कारभारी लगबगीनं पुढं झाला. "आई, धान्य आणलंय. आता रेघ नको, काही नको. उतरवून घ्या."

ठकूबाई म्हणाली, "आधी मोजा."

"नको, आई. खरंच नको."

"मोजा म्हंते न्हवं मी? तुमची काठी खोटं बोलत न्हाई."

कारभारी भिंतीपाशी वाकला. त्यानं काठी टेकवली, नीट पाहिलं आणि म्हणाला, "दोन विती चार बोटं." मग त्याला नवल वाटलं. "पण आई, पाणी तर तुमच्या आढ्यावरून गेलं होतं."

"ही पाण्याची रेघ न्हाई, दादा. ही माझ्या नातवाची लांबी हाय. बारशाचं झबलं शिवायला मी त्याला मोजला हुता. नदी आली, तिनं घर नेलं, शेळ्या नेल्या, पर पोर माझ्या हातात ठिवून गेली. तिच्यातनं त्याला मी रांजणात घालून काढला. तुमच्यातनं मला काढता आला न्हाई."

कारभाऱ्याच्या हातातली काठी खाली पडली.

ठकूबाई रडत नव्हती. ती सरळ त्याच्याकडं बघत होती. "त्या दिशी कोंडाजी म्हनला, खोटी रेघ ओढू. मीच न्हाई ओढू दिली. म्हनलं, ह्यो माणूस सरळ हाय, ह्याला खरं सांगितलं की पुरं. रोज वाटतं, ओढू द्यायला पायजे हुती. माझं खरं माझ्या पोराच्या जिवावर आलं."

राजा घोड्यावरून उतरला. डोक्यावरची पगडी काढून त्यानं ती उंबऱ्यावर ठेवली आणि म्हणाला, "बाई, हुकूम माझा होता. पाप माझं आहे." कारभाऱ्यानं काठी उचलली आणि ती मोडायला गुडघ्यावर धरली.

"थांबा," ठकूबाई म्हणाली. "तिचा काय गुन्हा? लाकूड हाय ते. ती मोडली तर उद्या डोंगरावरचे पुन्ना धोतरं भिजवून येतील, आन् आमच्यासारख्याला पुन्ना काय मिळायचं न्हाई. मोडू नका. तिच्यावर एक खाच करा."

तिनं विळा आणून दिला. कारभाऱ्यानं काठी त्या रेघेशी धरली आणि दोन विती चार बोटांवर खाच पाडली. राजानं दुसऱ्या टोकाला काठी धरली.

त्या दिवसापासून राज्यातला हुकूम बदलला. धान्य आधी, मोजणी मागून. जिथं एकही भिंत उभी नाही, तिथं पहिली गाडी. चार खोटे खाऊन गेले तरी चालतील, पण एक खरा उपाशी राहता कामा नये. पुढच्या पुरात थोडी लबाडी झालीच, राजाला ती कळलीही, आणि त्यानं ती सोसली.

कारभारी म्हातारा होईपर्यंत त्याच कामावर राहिला. पाणी उतरायच्या आत, गाड्यांच्या पुढं, गुडघाभर चिखलातून चालत जायचा आणि जिथं घरं उरली नाहीत ती जागा आधी शोधायचा. तिथल्या माणसांपाशी बसायचा, पहिल्यांदा तान्ह्या पोरांची चौकशी करायचा. काठी हातात असायची, पण तिला भिंतीला टेकवण्याआधी त्याचा अंगठा त्या खाचेवर जायचा. वर्षानुवर्षांच्या वापरानं काठीवरच्या विती-बोटांच्या खुणा झिजून गेल्या. खाच मात्र अंगठ्यानं खोल होत गेली.

ठकूबाईची ती एकटी भिंत पुढच्या पुरात विरघळली. वस्तीनं नेहमीसारखी नदीची ओटी भरली आणि उभ्या राहिलेल्या भिंतींवर पोतेरं फिरवलं. त्या वर्षी गाड्या त्यांच्याकडं सगळ्यात आधी आल्या. पहिलं पोतं ठकूबाईच्या उंबऱ्यावर उतरलं. तिनं ते उघडलं, ओंजळभर दाणे घेतले, नातवाची झोळी बांधली होती त्या चिंचेखाली जाऊन ठेवले आणि मग बाकीचे वस्तीला वाटायला सांगितले.

पोरांनो आणि थोरांनो, यातून एवढंच घ्या: ज्याचं सगळं वाहून जातं, त्याचा पुरावाही वाहून जातो, म्हणून मदत करणाऱ्यानं आधी माणूस बघावा, मग खूण.